बोडक्या बागेतला मधुचंद्र

१

पहिला घोट घेऊन गजेंद्र म्हणाला, "आंबट हाय थोडी," आणि अर्धा पेला संपायच्या आत तो खुर्चीवरून खाली आला. साधा घसरला नाही, चांगला कोसळला. मानेपासून कपाळापर्यंत लालभडक, डोळे तांबारलेले, आणि छाती अशी धडधडत होती की शर्टाचा खिसा हलताना सीमाला दिसत होता.

लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता. दिवेलागणीची वेळ, समोर सातपुड्याची रांग, टेबलावर मेणबत्ती, नाशिककडून मागवलेली वाईन. हनिमूनला माणसाला आणखी काय लागतं? आणि नवरा अंगणात पडून ओकाऱ्या काढत होता.

"गया, जीप काढ!" किसनराव ओरडले.

किसनराव म्हणजे या लॉजचे मालक. गया म्हणजे गयासुद्दीन, मूर्तिजापूरचा स्वयंपाकी. त्याने गजेंद्रला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं आणि खड्ड्याखुड्ड्यांतून जीप अशी हाणली की अकोटचा दवाखाना कधी आला ते सीमाला कळलंही नाही.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, नाडी पाहिली, मग चष्म्यावरून सीमाकडे बघत विचारलं, "दारू सोडवायच्या गोळ्या घेतात का हे?"

"काय बोलता डॉक्टर! ते पीतच नाहीत. आजचा पेला आयुष्यातला पहिला."

"मग नवल आहे. लक्षणं तर तीच. त्या गोळीचं असं असतं, नुसती पोटात असली तर काही होत नाही. वर दारू गेली की माणूस असा लाल होऊन पडतो." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "त्यांनी स्वतः घेतली नसेल, तर मग कुणीतरी दिली असणार. जेवणातून, चहातून. जिवावर बेतलं असतं, बाई."

या आडरानात गजेंद्रच्या वाईटावर कोण असणार?

२

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर ही माणसं इथे कशी जमली ते कळायचं नाही.

सीमा अमरावतीची. राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गात ती बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायची. फळ्याकडे तोंड असताना मागच्या बाकावर कोण खिदळतंय ते ओळखणारी बाई! गजेंद्र तेल्हाऱ्याच्या नत्थुजींचा मुलगा, अकोल्यात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला. काळी कसदार जमीन होती घरची, पण ती बटईने, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला दिलेली. ते दिवसच तसे होते. पेपर उघडला की पहिल्या पानावर वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे. शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायची म्हटलं की मुलीचे बाप चहाचा कप तसाच ठेवून उठायचे.

सीमाच्या घरी तर बापाने नाही, खुद्द मुलीनेच अट घातली होती. तिची मोठी बहीण दर्यापूरकडे शेतकऱ्याच्या घरी दिलेली. जावई रानातून यायला जरा उशीर झाला की ताई हातातलं काम टाकून विहिरीकडे धावायची. जावई धडधाकट, हसतमुख माणूस. पण धाक कसा बसतो ते सीमाने ताईच्या डोळ्यांत पाहिलं होतं. म्हणून बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी पुढे करत तिने गजेंद्रला सरळ सांगितलं, "मला शेत नको. परत शेतीकडे वळणार नाही असा शब्द देत असाल तर पुढचं बोलू."

गजेंद्रने जरा वेळ बशीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दिला."

हा शब्द घेताना मध्यस्थ होते ओमप्रकाश मामा. राजापेठेत कापडाचं दुकान, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि अक्कल मात्र कधीमधी गैरहजर. त्यांनीच आहेरात हा द्राक्षाच्या बागेतला मुक्काम दिला. रंगीत माहितीपत्रकावर घोसच घोस लटकलेले पाहून भाचीला म्हणाले, "परदेशात गेल्यासारखं वाटंल, पाह्यजो!"

आणि इथे येऊन बघते तर काय? एक पान नाही, एक द्राक्ष नाही. तारांच्या मांडवावर नुसत्या काटक्या, आणि त्या काटक्यांवर लाल लाल ठिपके.

"छाटणी झाली न बाई आत्ताच," किसनराव मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले होते. "औंदा पाऊस लांबला, म्हणून छाटणीले उशीर. आता काडीवरच्या डोळ्याईले, म्हणजे कोंब फुटायच्या जागेले, पेस्ट लावून राहिलो, म्हणजे सारे डोळे संगमंग फुटतात. लोकं म्हणत, वऱ्हाडच्या काळ्या मातीत द्राक्षं? भैताड झाला किसनराव! घ्या म्हणा आता, भैताडाचा मांडव."

सीमा हिरमुसली. गजेंद्रचे डोळे मात्र लकाकले होते. मातीचं ढेकूळ उचलून त्याने बोटांनी चुरलं, आणि बायको बघतेय हे लक्षात येताच टाकून दिलं.

३

सकाळी गजेंद्रचा ताप उतरला, रंगही उतरला. गुंगीतच होता. सीमाने त्याच्या केसांतून हात फिरवत विचारलं, "हे दोन दिवस पहाटे उठून कुठे जात होतात तुम्ही? मला जाग आली की तुम्ही नसायचात."

"फिराले," तो छताकडे बघत म्हणाला.

खोटं बोलताना छताकडे बघणारी पोरं सीमाने कमी पाहिली नव्हती. पण आजारी माणसाला काय खोदून विचारायचं? तिने त्याचा हात हातात घेतला. वऱ्हाडात नवरदेवालाही मानाची मेंदी लावतात, करंगळीला बोटभर. तिचे स्वतःचे तळवे आता नारिंगी पडले होते. गजेंद्रची नखं मात्र कडांना विटकरी दिसत होती. पुरुषाच्या हाताला मेंदी जास्त रंगते की काय, असं मनाशी म्हणत तिने हात खाली ठेवला.

तेवढ्यात, रात्रीच्या तिच्या फोनवरून निघालेले ओमप्रकाश मामा वादळासारखे आत आले.

"सीमे! जवाईबापू बरे हायेत न? मी पोलिसाईले फोन केला. फौजदार दुपारी बागेवर येऊन राह्यले. तो आचारीच हाय गुन्हेगार, दुसरं कोणी नाही!"

"मामा, त्यानेच तर यांना खांद्यावर घालून आणलं."

"तेच तं! एवढी घाई काहून होती त्याले? मनात पाप असल्याशिवाय कोणी एवढं पळते का?"

माणूस धावला तर पाप, आणि बसून राहिला असता तर काय पुण्य? पण मामांशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घातलेला बरा. सीमाने नर्सला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मामांच्या गाडीत बसली. फौजदार यायच्या आत तिला त्या माणसाशी बोलायचं होतं.

४

गयासुद्दीन चुलीपाशी उकिडवा बसला होता. बायको जहाँआरा भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून. किसनराव ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. नव्या लॉजवर पोलीस आले म्हटल्यावर इथे पुन्हा कुठलं जोडपं येणार होतं? दोन खोल्या बांधायला माणसाने उभं आयुष्य लावलं होतं.

"गयाभाई," सीमा समोर बसली, "जेवण सगळ्यांनी एकच घेतलं. वाईन एकाच बाटलीतली, मी घेतली, किसनकाकांनी घेतली. आम्हाला काही झालं नाही. म्हणजे काहीतरी असं आहे जे फक्त यांच्याच पोटात गेलं. तुम्ही त्यांना वेगळं काही दिलं होतं?"

गयासुद्दीनने चुलीत एक काटकी सारली.

"पहाटे चाय देत," जहाँआरा पटकन म्हणाली. "दोन्ही रोज. अन् भाकर-ठेचा."

"जहाँआरा!" तो ओरडला.

"ओरडू नका! खरं बोलाले काय जाते तुमचं? पोलीस येऊन राहिले तुमच्यासाठी!"

"पाहा!" दारातून मामा गरजले. "चोरून चहा पाजे! आलं न ध्यानात?"

सीमाने मामांना हातानेच थांबवलं. "पहाटे चहा कशाला? आमचा चहा तर उजाडल्यावर खोलीत यायचा."

गयासुद्दीनने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता. "भाभी, त्या चायमंदी चायपत्ती, साखर अन् अद्रक होतं. खुदाची कसम. बाकी मले काही इचारू नका. कोणी जुबान मांगली, मी देली. दुसऱ्याची बात अमानत असते."

"पोलिसांपुढेही नाही बोलणार?"

"नाही जी."

सीमाला राग यायला हवा होता, पण आला नाही. हातात बेड्या पडायची वेळ आली तरी दुसऱ्याचं गुपित न सोडणारा माणूस विष घालतो का? उठता उठता तिची नजर मोरीकडे गेली. पिळून टाकलेल्या लिंबांच्या फोडींचा ढीग पडला होता. आणि या दोन दिवसांत जेवणात लिंबू तर कुठेच नव्हतं.

"एवढी लिंबं कशाला लागली?"

गयासुद्दीनने तोंड फिरवलं.

५

मग सीमाने बागेकडे मोर्चा वळवला. मांडवाखाली देवीदास आणि त्याची बायको मैनाबाई काम करत होते, हातांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, मैनाबाईच्या हातात लाल पेस्टचा डबा. किसनराव मागोमाग आले.

"ह्या दोघाईनं कमाल केली बाई," ते इतक्या चिंतेतही कौतुकाने म्हणाले. "खालच्या ओळी तं मी पाह्यतच राह्यलो. एकेक डोळा कसा टिपला! मी म्हटलं चार दिवस लागतीन, तं ह्यांनी सकाळी सकाळी उरकून टाकल्या."

देवीदासने मान खाली घातली आणि मैनाबाईने त्याला कोपराने ढोसलं.

"काय झालं?" सीमाने विचारलं.

"काई नाही जी."

"देवीदासभाऊ, तुमच्या मालकाच्या पाहुण्याच्या जिवावर बेतलंय. काही लपवलं असेल तर आत्ताच सांगा."

देवीदास घामाघूम झाला. मैनाबाईच तडकली, "सांगून टाका न आता! बाई, त्या खालच्या ओळी आमी नाही केल्या. आमी आलो तं लावून झालेल्या. आमाले वाटलं, मालकानंच केल्या. अन् मालकानं शाबासकी देली तं हे गपचूप घेऊन बसले!"

"मी?" किसनराव चाट पडले. "मी तं हात बी नाही लावला!"

मालकाला वाटलं गड्याने केलं, गड्याला वाटलं मालकाने केलं. मग केलं कुणी? भुताने? सीमा त्या ओळीजवळ गेली. प्रत्येक डोळ्यावर नेमका ठिपका, ना कमी ना जास्त, कुठे एक ओघळ नाही. हे काम करणाऱ्याने घाई केली नव्हती, ते जीव लावून केलं होतं.

मागून मामा तणतणत आले. "हे काय काड्या पाहून राह्यली तू? मी सांगतो, हा देवीदास बी सामील असंल. काल संध्याकाळी जवाईबापूनं याले पेला देला तं नाही म्हणे! माह्या ड्रायव्हरले गावात कळलं, हा माणूस कधी नाही म्हणत नाही. याले मालूम होतं, त्यात काही हाय म्हणून!"

"हे खरं का देवीदासभाऊ?"

"खरं हाय," देवीदास म्हणाला. "पेस्टचं काम सुरू असलं का मी नाही घेत जी. मालकाचा कायदाच हाय तसा."

सीमा जागच्या जागी थांबली. लाल पेस्ट. विटकरी नखं. लिंबं. आणि आता हा कायदा. मेंदी दिवसागणिक फिकी होते, कधी गडद होत नाही! ही साधी गोष्ट तिच्या सकाळी कशी लक्षात आली नाही?

"काका," तिने हळूच विचारलं, "हा कायदा कशासाठी?"

रस्त्यावर धूळ उडाली. फौजदारांची गाडी येत होती.

६

ओसरीवर सगळे जमले. फौजदार खुर्चीवर बसले, चहा नको म्हणाले, आणि गयासुद्दीनला पुढे बोलावलं. जहाँआरा रडायला लागली.

सीमा खांबाला धरून उभी होती. तिला सगळं कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच तिचं तोंड उघडत नव्हतं. बोलली तर नवऱ्याचं गुपित मामांसमोर फुटणार. मामांच्या कानावर पडलं म्हणजे सारी राजापेठ, माहेर, सासर, सगळीकडे डांगोरा. नत्थुजींच्या मुलाने शब्द मोडला, तोही हळद फिटायच्या आत. आणि नाही बोलली, तर हा माणूस तिच्याच नवऱ्याला दिलेल्या शब्दापायी गाडीत बसणार होता.

गयासुद्दीनने मुकाट्याने चपला घातल्या. ते पाहिलं मात्र, आणि सीमा पुढे झाली.

"साहेब, थांबा. विष कुणीच घातलं नाही."

"मग?"

"दारू पोटात गेली की शरीर ती दोन टप्प्यांत मोडतं. पहिल्या टप्प्यात जे तयार होतं ते विषारी असतं, दुसऱ्या टप्प्यात ते निकामी होतं. दारू सोडवायची गोळी हा दुसरा टप्पा अडवते, म्हणून माणूस लाल होऊन पडतो. डॉक्टरांनी गोळी ओळखली, ते बरोबरच होतं. फक्त ती गोळी नव्हती. काका, सांगा तुमचा कायदा."

किसनरावांचा चेहरा पांढरा पडला होता. "ही पेस्ट आंगाले लागली, अन् वरून दारू घेतली, तं माणूस तसाच पडते. म्हणून हातमोजे, अन् म्हणून हे काम करणाऱ्यानं आठ दिवस थेंब बी घ्याचा नाही. पण पाहुणा... पाहुणा काहून हात घालीन त्यात? तोही हनिमूनले आलेला!"

"कारण पाहुणा तेल्हाऱ्याचा आहे," सीमा म्हणाली. "दोन्ही दिवस पहाटे ते उठून बागेत गेले. खालच्या ओळी त्यांनी केल्या, उघड्या हातांनी. कापसाच्या मुलखातला माणूस, या पेस्टचा कायदा त्यांना माहीत नव्हता. मला कळू नये म्हणून गयाभाईंकडून शब्द घेतला, आणि लिंबाने हात घासले. परवा रात्री जेवताना चमचा मागितला, तेव्हा मला वाटलं माझ्यासमोर शहरी चालीने वागताहेत. हात चुरचुरत होते त्यांचे. नखं बघा जाऊन, अजून लाल आहेत. माझी मेंदी उतरली आणि त्यांची चढली, असं कसं होईल?"

फौजदारांनी गयासुद्दीनकडे पाहिलं. "काय रे, खरं?"

"भाभीनंच सांगितलं तं आता मी कायले लपवू?" गयासुद्दीनच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. "हो जी. साहेब म्हणे, 'गयाभाई, शेत पाहून माह्या हाताले खाज सुटते. बायकोले सांगू नको, तिले भेव वाटते.' खुश होऊन येत बागेतून, गाणं म्हणत येत. त्या पेस्टनं असं होते हे मले मालूम असतं, तं मीच दाराशी आडवा पडलो असतो."

डॉक्टरांना फोन लागला. तिकडून "अहो, बरोबर! आधी का नाही सांगितलं?" असा आवाज फौजदारांच्या कानाबाहेरही ऐकू आला. फौजदारांनी आता चहा मागवला. सीमाने गयासुद्दीनपुढे हात जोडले, तर तो गडबडून चुलीकडेच पळाला.

मामा मात्र उठले. "म्हणजे शब्द मोडला! माह्यासमोर देलेला शब्द! सीमे, सामान बांध. अमरावतीले चाल. मी पाह्यतो नत्थुजीकडे."

"मामा, शब्द तुम्हाला नव्हता दिला," सीमा म्हणाली. "मला दिला होता. त्याचं काय करायचं ते मी बघेन. तुम्ही आधी गयाभाईंची माफी मागा."

मामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खरोखरच चुलीपाशी गेले आणि पडेल आवाजात म्हणाले, "बाप्पा, चुकलं माह्यं." मन मोठं आहे असं मघाशी म्हटलं ते उगाच नाही.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी गजेंद्रला घरी सोडलं. सीमा त्याला घेऊन बागेवरच आली. तो जीपमधून उतरला, खालच्या ओळींकडे बघायचं टाळून उभा राहिला. त्याला सगळं कळलं होतं. आता ही काय म्हणते, एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"चुकलो मी," तो म्हणाला. "शब्द देला होता. पुन्हा नाही होणार. पण खोटं नाही सांगत सीमा, ट्रॅक्टर विकतानी मले दर गिऱ्हाइकाचा हेवा वाटते."

सीमा त्याला मांडवाखाली घेऊन गेली. तो टिपत गेलेल्या ओळीवरून तिची नजर फिरली. पाच-सहा दिवसांत हे सगळे डोळे एकदम फुटतील, किसनराव म्हणाले होते. ज्याच्या हातात हे एवढं आहे, त्याला आपण शोरूमच्या काचेआड बसवलं! ज्याला आपण धाक म्हणून बाहेर ठेवलं, तेच त्याचं सुख होतं. तिला स्वतःचा राग आला, आणि या लाजऱ्या, छताकडे बघून खोटं बोलणाऱ्या माणसाचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले.

"तुमचा शब्द मी परत दिला," ती म्हणाली.

गजेंद्र बघतच राहिला. "आन् भेव?"

"ते आहे. ते कुठे जाणार लगेच? म्हणून नवी अट."

"सांग."

"पहाटे उठाल तेव्हा मला उठवायचं. आणि रानातून यायला उशीर होणार असेल, तर निरोप पाठवायचा. मी विहिरीकडे धावणार नाही, सांगून ठेवते. मी शेतातच येईन तुम्हाला शोधायला."

त्याने मान डोलावली. मैनाबाई हातमोजे वाळत घालत होती, सीमाने तिच्याकडून दोन जोड मागून घेतले. एक स्वतः चढवला, एक त्याच्या हातात दिला.

"घाला," ती म्हणाली. "वरच्या ओळी राहिल्यात अजून."